हापशाचं पाणी आणि सातव्या वर्षाचे दात

मूल सात-आठ वर्षांचं झालं की दुधाचे दात पडून समोरचे वरचे दोन पक्के दात येतात. ते एकदा उजेडात, ओठ वर करून नीट पाहावेत. निरोगी दात चकचकीत असतो, त्याला किंचित पिवळसर झाक असते. फ्लोरोसिस, म्हणजे पिण्याच्या पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळे येणारा दोष, झालेला दात खडूसारखा पांढुरका आणि निस्तेज दिसतो. त्यावर आडव्या, ढगाळ रेघा असतात; डाव्या दातावर जशा, साधारण तशाच उजव्यावर. पुढे या रेघांत बाहेरचा रंग मुरत जातो आणि त्या तपकिरी होतात. तोपर्यंत मूल पाचवी-सहावीत गेलेलं असतं आणि घरीदारी त्याला ऐकवलं जातं, ‘दात घासत जा.’ हा त्या मुलावर अन्याय आहे. तो डाग घासून जाणार नाही, कारण तो दातावर बसलेला नसून दाताच्या घडणीतच राहिलेला आहे.

समोरच्या पक्क्या दातांचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, जन्मानंतर काही महिन्यांतच हिरडीच्या आत तयार होऊ लागतं आणि चार-पाच वर्षांत पूर्ण होतं. अक्कलदाढा सोडल्या तर बाकी सगळ्या दातांचं हे काम आठव्या वर्षापर्यंत उरकतं. या काळात पोटात फ्लोराइड जास्त गेलं, तर एनॅमल घट्ट भरत नाही, त्यात बारीक छिद्रं राहतात. दात बाहेर आला की एनॅमल घडवणाऱ्या पेशी उरतच नाहीत, म्हणून मोडलेलं हाड सांधतं तसं हे कवच पुन्हा भरून येत नाही. तेव्हा सातव्या वर्षी दिसणारी रेघ ही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी प्यायलेल्या पाण्याची खूण आहे. याचा पुरावा अमेरिकेतल्या ओकली गावाने दिला. तिथल्या मुलांचे दात तपकिरी पाहून फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याने पाण्याचा झरा बदलायला सांगितलं. गावाने 1925 मध्ये तो बदलला आणि काही वर्षांत धाकट्या मुलांचे नवे दात स्वच्छ निघाले. पाण्यात दोष फ्लोराइडचा आहे, हे मात्र 1931 मध्ये कळलं. म्हणजे नेमकं कारण ठाऊक नसतानाही नुसतं पाणी बदलून पुढची मुलं वाचली होती.

बीडला हे लागू पडतं, कारण केंद्रीय भूजल मंडळाने भूजलात जास्त फ्लोराइड असलेले म्हणून नोंदवलेल्या जिल्ह्यांत बीड आहे. इथला पाऊस बेभरवशाचा. आड आटले की बोअर घ्यायचा, तो आटला की आणखी खोल जायचं. खडकात बराच काळ मुरलेल्या पाण्यात फ्लोराइड जास्त उतरण्याची शक्यता असते. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. त्याला चव नाही, वास नाही, रंग नाही. हापशाचं पाणी गोड लागलं म्हणून ते लेकरांसाठी चांगलं, असं ठरवता येत नाही. उकळून तर फ्लोराइड जात नाहीच, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. तुरटी किंवा कँडलचा घरगुती फिल्टर यांच्यावरही भरवसा ठेवू नये. आरओने ते बरंच कमी होतं, पण यंत्राची निगा राखली तरच.

यावर कुणी म्हणेल, फ्लोराइड दातांना चांगलं म्हणून तर टूथपेस्टमध्ये घालतात. खरं आहे, आणि पेस्ट सोडूही नये. ती दाताला बाहेरून लागते आणि थुंकली जाते. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. पाणी रोज पोटात जातं. दुसरा आक्षेप असा की हा फक्त दिसण्याचा प्रश्न आहे. सौम्य रेघांपुरतं ते मान्य केलं, तरी तीव्र फ्लोरोसिसमध्ये एनॅमलचे टवके उडतात. आणि तेच पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर सांधे आणि कणा आखडू शकतो. शिवाय हसताना तोंडावर हात धरणाऱ्या मुलीचं दुःख ‘फक्त दिसण्याचं’ म्हणून बाजूला सारणं मला मान्य नाही. तिच्यासाठी उपाय आहेत: दंतवैद्याकडून वरचा पातळ थर घासून डाग फिका करणं, दाताच्या रंगाचं काँपोझिट बसवणं. अर्थात प्रत्येक डाग फ्लोरोसिसचा नसतो. एकाच दातावर असेल तर दुधाच्या दाताला झालेली इजा असू शकते, आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या असेल तर एनॅमलचा आनुवंशिक दोष. म्हणून तपासणी दंतवैद्याकडूनच व्हावी.

पाण्याचे नमुने तर तपासले जातातच, असंही सांगितलं जाईल. पण नमुना सांगतो एका दिवसाचं, एका स्रोताचं. उन्हाळ्यात गावाची घागर भलत्याच बोअरवर भरत असते. आठ वर्षांच्या मुलांचे दात त्यांच्या पहिल्या चार-पाच वर्षांतल्या उन्हाळ्यांचा हिशेब देतात. शाळेतली दंत तपासणी ही त्या अर्थाने पाण्याचीच तपासणी आहे, आणि बीडमध्ये ती दसऱ्याआधी झाली पाहिजे. त्यानंतर ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांबरोबर अनेक मुलं कारखान्याकडे जातात आणि नेमकी तीच यादीतून सुटतात. एका वस्तीतल्या चार-पाच मुलांच्या दातांवर सारख्या रेघा दिसल्या, तर त्यांचं पिण्याचं पाणी त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत जावं. प्रमाण जास्त निघालं तर त्या हापशाला लाल रंग द्यावा. ते पाणी धुण्याभांड्यांना चालेल. पाच वर्षांखालचं मूल किंवा अंगावर दूध न पिणारं तान्हं ज्या घरात आहे, तिथे दुसऱ्या स्रोताची पहिली घागर पोचावी.