द्विप्रत संरचना, संगणकीय

एकच आधारसामग्री दोन स्वतंत्र यंत्रांच्या स्मृतींत एकाच वेळी ठेवण्याची व्यवस्था. एक प्रत निकामी झाली, तरी दुसरीच्या आधारे काम अखंड चालावे, हा तिचा हेतू होय. बँका, विमा कंपन्या इत्यादींच्या मेनफ्रेम संगणकांत ती वापरतात. आयबीएम कंपनीने १९९४ मध्ये प्रचारात आणलेल्या ‘पॅरलल सिसप्लेक्स’ या संगणकसमूहात सामायिक कुलुपे, याद्या व तात्पुरते साठे ‘कपलिंग फॅसिलिटी’ या विभागात असतात. द्विप्रत पद्धतीत असे दोन विभाग योजून प्रत्येक बदल दोन्हींत नोंदला जातो.

एखाद्या संगणकाची एका प्रतीशी असलेली जोडणी तुटली, म्हणजे खरी अडचण उद्‌भवते. प्रतच नष्ट झाली की केवळ मार्ग तुटला, हे त्या संगणकाला एकट्याने ठरविता येत नाही. त्याने एक प्रत व इतरांनी दुसरी प्रमाण मानली, तर एकाच खात्यात दोघे एकाच वेळी फेरफार करू शकतील. म्हणून नव्या विनंत्या क्षणभर थोपवून समूहातील सर्व संगणकांसाठी एकच प्रत ग्राह्य धरली जाते, दुसरी त्यागली जाते व काम एकप्रत अवस्थेत पुढे चालते. दोष दूर झाल्यावर अथवा तिसरा विभाग उपलब्ध असल्यास त्यात पुन्हा दुसरी प्रत तयार करतात.

थोपविण्याच्या या टप्प्याचे महत्त्व रायगड जिल्ह्यातील एका दुर्घटनेवरून ध्यानात येते. महाड व पोलादपूर यांदरम्यान मुंबई–गोवा महामार्गावर सावित्री नदीवर शेजारी शेजारी दोन पूल होते. त्यांपैकी १९२८ मध्ये बांधलेला दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. शेजारचा पूल शाबूत असूनही एस. टी.च्या दोन बसगाड्या व अन्य वाहने वाहून गेली आणि अनेक प्रवासी मृत्युमुखी पडले. पर्यायी मार्ग असणे पुरेसे नसते. पहिला तुटताच वाहतूक रोखून वळविणारी यंत्रणाही लागते. पुढे शेजारच्या पुलावरून वाहतूक चालली व ५ जून २०१७ रोजी नवा पूल खुला झाल्यावर दुहेरी व्यवस्था पूर्ववत झाली.

दोन्ही प्रती एकाच आपत्तीच्या कक्षेत असू नयेत, हेही आवश्यक असते. जुलै २०२१ च्या महापुरात महाड परिसरातील रस्ते, वीज व भ्रमणध्वनी सेवा एकदमच खंडित झाल्या होत्या. यास्तव प्रती भिन्न यंत्रांत व शक्यतो स्वतंत्र वीजपुरवठ्यावर ठेवतात. दुहेरी नोंदीमुळे वेळ व खर्च वाढतो. त्यामुळे ही पद्धती महत्त्वाच्या संरचनांपुरतीच योजतात.