मद्रासहून सापडलेला ‘आशिया’

लघुग्रहांचे शोध युरोप-अमेरिकेतच लागले, असं आपल्याकडे बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात १७ एप्रिल १८६१ रोजी मद्रासच्या सरकारी वेधशाळेत नॉर्मन पॉग्सन यांनी एक लघुग्रह शोधला. आशिया खंडातून लागलेला हा असा पहिलाच शोध, म्हणून त्याचं नाव ठेवलं ‘६७ आशिया’.

दुर्बिणीला डोळा लावला की लघुग्रह ओळखता येतो, हाही गैरसमजच. त्यात तो ताऱ्यासारखाच ठिपका दिसतो. छायाचित्रांवरून लघुग्रह शोधणं १८९१मध्ये सुरू झालं. तोवर निरीक्षक नकाशातला एकेक तारा आकाशाशी ताडून पाहत. नकाशात नसलेला ठिपका पुढच्या रात्री शेजारच्या ताऱ्यांमधून सरकलेला दिसला, तर संशयाला जागा. एवढ्यानंही भागत नसे. एका वेधातून दिशा कळते, अंतर नाही; कक्षा मांडायला निदान तीन वेध लागतात. १८०१मध्ये खगोलनिरीक्षक पियाझ्झींनी पाहिलेला सेरेस हा लघुग्रह काही आठवड्यांतच सूर्याच्या उजेडात हरवला. तरुण गणितज्ञ गाउसनं आकडेमोडीनं कक्षा काढली, तेव्हा कुठे वर्षअखेरीस तो पुन्हा सापडला. माझ्या मते खरा शोध या आकडेमोडीतच असतो.

पाठ्यपुस्तकातल्या चित्रात लघुग्रहांचा पट्टा दाट आणि सपाट दिसतो. आशियाची कक्षा मात्र चांगलीच लंबगोल आहे. सूर्यापासून तो सुमारे २९.५ कोटी किलोमीटरपर्यंत जवळ येतो आणि ४३ कोटींपर्यंत दूर जातो. पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाशी त्याची कक्षा सहा अंशांनी कललेली आहे. एका फेरीला जवळपास पावणेचार वर्षं लागतात. सूर्याजवळ असताना त्याचा वेग वाढतो, लांब गेला की मंदावतो. पृथ्वी सूर्यापासून १५ कोटी किलोमीटरवर, त्यामुळे आशिया आपल्यावर आदळण्याचा प्रश्नच येत नाही. आणि दाटी? संपूर्ण पट्ट्याचं वस्तुमान चंद्राच्या जेमतेम तीन टक्के भरतं. १९७२-७३मध्ये पायोनियर १० हे अंतराळयान त्यातून सुखरूप पार गेलं.

लघुग्रह म्हणजे एकसंध खडक, ही समजूतही सगळीकडे लागू पडत नाही. पॉग्सन यांनी १८६६मध्ये मद्रासहूनच शोधलेल्या ‘८७ सिल्व्हिया’ला दोन चंद्र आहेत. एक २००१मध्ये सापडला, दुसरा २००४मध्ये. चंद्र मिळाले की त्यांच्या फेऱ्यांवरून मूळ लघुग्रहाचं वस्तुमान काढता येतं. सिल्व्हियाची घनता पाण्याच्या दीडपटीहूनही कमी निघाली. आत भरपूर पोकळी असल्याशिवाय खडकाची घनता इतकी कमी भरणं अवघड आहे.