जोडधंदा निवडताना समाधानाचाही हिशेब मांडा



जोडधंद्याविषयी चौकशी करताना आपला पहिला प्रश्न बहुधा ‘यात किती सुटतात?’ असाच असतो. प्रश्न योग्य आहे आणि तो विचारलाच पाहिजे. मात्र बंद पडलेल्या जोडधंद्यांची कारणे विचारली, तर सुटणाऱ्या पैशांचा उल्लेख दर वेळी होतोच असे नाही. कोणी सांगतो, पहाटे उठणे जमेना. कोणी सांगतो, गिऱ्हाइकाशी बोलायचा कंटाळा येई. एखाद्या घरी सासू-सुनेचे त्यावरून बिनसलेले असते. रिकामी पडलेली कोंबड्यांची शेड आणि धूळ खाणारे पापडाचे यंत्र पाहताना असे वाटते की, कागदावर हिशेब बरोबर होता, पण ते काम रोज करणाऱ्या माणसाचा विचार त्या कागदावर कोणी केलाच नव्हता.

म्हणून या लेखात प्रश्न उलट बाजूने घ्यावयाचा आहे. कोणत्या कामात आपला जीव रमतो, हे आधी ठरवून मग त्याचा धंदा करता येईल काय? करता येतो. परंतु त्याला नफ्याच्या धंद्यापेक्षा अधिक काटेकोर हिशेब लागतो, कारण आवडीच्या कामात पैसे कधी गेले हे कळतही नाही.

आपल्या किनाऱ्यावरचे घरगुती व्यवसाय

धाकटी डहाणू, वरोर, वाढवण, चिंचणी या पट्ट्यात घरच्या घरी चालणारे व्यवसाय नवे नाहीत. एका बाजूला वलांडीवर वाळणारे बोंबील आणि जमिनीवर पसरलेला जवळा. दुसऱ्या बाजूला ओटीवर किंवा पडवीत बसून सोन्याच्या दागिन्यांचे पोलादी साचे कोरणारे डायमेकिंगचे कारागीर. थोडे पूर्वेला गेलात तर चिकूच्या वाड्या, आणि त्यापलीकडे डोंगराच्या अंगाला भात व नाचणीची शेती. डहाणू तालुका 1991 च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र ठरला व मोठ्या कारखानदारीवर बंधने आली. अशा भागात छोट्या, घरगुती व्यवसायांचे महत्त्व सहज लक्षात येईल.

डाय कोरणाऱ्या कारागिराचेच उदाहरण घ्या. तासन् तास मान खाली घालून पोलादावर बारीक नक्षी उतरवणे हे काम केवळ मजुरीकडे पाहून वर्षानुवर्षे होत नाही. हात चालतो, काम नजरेत भरते आणि घरी राहता येते, या तिन्ही गोष्टींची किंमत त्या माणसाने मनात धरलेली असते. ती कोणत्याही प्रकल्प अहवालात दिसत नाही.

2024 च्या ऑगस्टमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाल्यापासून तर हा विचार अधिकच निकडीचा झाला आहे. जमीन ठेवावी की विकावी, मुलाने होडीवर जावे की नोकरी शोधावी, हाती रक्कम आली तर ती कशात घालावी, ही चर्चा या भागात घरोघर आहे. अशा वेळी ‘अमक्याने हे केले, त्याला इतके सुटले’ एवढ्यावर धंदा निवडला गेला, तर आयुष्यभराची पुंजी न आवडणाऱ्या कामात अडकून पडते.

भास्कर सावे यांची वाडी

तलासरीची हद्द ओलांडली की गुजरातचा उंबरगाव तालुका लागतो. तेथील देहरी गावचे भास्कर सावे (1922–2015) हे नाव आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. मूळचे शिक्षक. सुरुवातीला त्यांनीही रासायनिक खते वापरून शेती केली. उत्पादन मिळाले, पण खर्च व खटपट दर वर्षी वाढत चालली, हे पाहून त्यांनी वाट बदलली आणि चिकू-नारळाची ‘कल्पवृक्ष’ ही सुमारे 14 एकरांची शेती नैसर्गिक पद्धतीने उभी केली. जपानचे मासानोबू फुकुओका हे शेत पाहून गेले व त्यांनी त्याची मनापासून वाखाणणी केली. 2010 साली सेंद्रिय शेतीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने सावे यांना जीवनगौरव दिला.

कृषिविद्येचा अभ्यासक म्हणून त्यांच्या सर्वच मतांशी मी सहमत नाही. हलक्या जमिनीवरील भाताला बाहेरून अन्नद्रव्ये न देता दर वर्षी चांगले पीक येईल, असे मी कोणाला सांगणार नाही. परंतु जोडधंद्याच्या दृष्टीने त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे. त्यांनी उत्पन्न वाढविण्याआधी खर्च उतरविला. नांगरट, तणनियंत्रण, पाणी, खत यांपैकी काय टाळता येईल, हे ते पाहत गेले. खर्च उतरला की पोटापुरते मिळविण्यासाठी लागणारी धावपळही कमी होते आणि मनासारखे काम करण्यास मोकळीक मिळते. शेत पाहायला येणाऱ्यांसाठी त्यांनी शनिवारची दुपार ठेवली होती. ही बाब किरकोळ वाटेल, पण आल्यागेल्याला दिवसभर शेत दाखवीत बसलो तर शेतीचा आनंद चार महिन्यांत संपतो, हे कृषी पर्यटन करणाऱ्या कोणालाही विचारावे.

उदाहरण : चिकूच्या वाळविलेल्या फोडी

आता आपल्या वाडीतला एक धंदा घेऊन हिशेब मांडू. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तरीही झाडावरून काढलेले फळ चार-सहा दिवसांत पिकते आणि तेवढ्यात ते विकले गेले नाही तर मातीमोल होते. त्यामुळे फोडी वाळविण्याची कल्पना अनेकांना आकर्षक वाटते.

कृती सोपी आहे. पिकलेले पण घट्ट असलेले कालीपत्ती चिकू निवडावेत. कच्च्या फळाच्या फोडी तुरट लागतात, चीकही राहतो. फार पिकलेल्यांचा गोळा होतो. फळे धुऊन सोलावीत. सुरी स्टेनलेस स्टीलचीच घ्यावी, कारण साध्या लोखंडाने फोडी काळ्या पडतात. बी काळजीपूर्वक काढावे. तिच्या टोकाला आकडी असते व ती घशात अडकू शकते. फोडी जाळीच्या ट्रेवर एकेरी पसरून वरून बारीक जाळी घालावी आणि तीन-चार दिवस कडक उन्हात उलटसुलट करून वाळवाव्यात. किनाऱ्यालगत रात्री हवा दमट होते, म्हणून संध्याकाळी ट्रे घरात घ्यावेत. (आणि शेजारी बोंबील वाळत असतील तर दुसरी जागा शोधावी, हे धाकट्या डहाणूकरांना वेगळे सांगायला नको.) बोटांना न चिकटणारी, दुमडली तर न तुटणारी फोड तयार समजावी. लगेच पाकिटात न भरता दोन-तीन दिवस बंद डब्यात ठेवावी, म्हणजे ओल सर्वत्र सारखी होते.

चिकूच्या गरात तीन चतुर्थांश पाणीच असते. साल, बी व पाणी वजा जाता पाच किलो फळापासून साधारण किलोभर फोडी मिळतात. पुढील आकडे केवळ रीत कळावी म्हणून घेतले आहेत. तेथे आपले आकडे घालावेत.

समजा, 100 किलो चिकू घेतले. बाजारात ते किलोला 20 रुपयांनी गेले असते, म्हणजे फळांची किंमत 2,000 रुपये. फोडी झाल्या 20 किलो. त्या 400 रुपये किलोने विकल्या तर 8,000 रुपये आले. पाकिटे, वाहतूक व विक्रीचा खर्च 1,500 आणि ट्रे-जाळीची झीज 300 धरली, तर फळांची किंमत धरून एकूण खर्च 3,800 रुपये. उरले 4,200. शंभर किलो चिकूमागे चार हजार सुटले, असे म्हणून आपण येथेच थांबतो. थांबू नका. सोलणे व चिरणे 30 तास, ट्रे मांडणे, उलटणे, आत-बाहेर करणे 16 तास, पाकिटे भरणे 8 तास, विक्री 16 तास : एकूण 70 तास. 4,200 भागिले 70, म्हणजे तासाला 60 रुपये. आठ तासांचे 480 रुपये झाले.

ही कमाई वाईट नाही, पण डोळे दिपवणारीही नाही. येथेच समाधानाचा प्रश्न येतो. ज्याला हे काम मनापासून आवडते, घर सोडून कामाला जायचे नाही, आपल्या वाडीचे नाव पाकिटावर पाहून ज्याला बरे वाटते, त्याला हे 480 रुपये पुष्कळ आहेत. ज्याला सोलण्याचा कंटाळा आहे, त्याने फळच चांगले निवडून, प्रतवारी करून विकावे. धंदा एकच, आकडेही तेच; पण एका घरी तो टिकेल आणि दुसऱ्या घरी टिकणार नाही.

समाधान कोणाचे?

आता त्या 70 तासांकडे पुन्हा पाहा. सोलणे, ट्रे, पाकिटे असे 54 तासांचे काम घरात बसून होते व ते बहुधा घरातील स्त्रियांच्या वाट्याला येते. विक्रीचे 16 तास पुरुषाचे. महोत्सवात टेबल मांडावे, गिऱ्हाइकांशी गप्पा माराव्यात, ओळखी वाढवाव्यात, हे त्यातले रंजक काम. घरी आल्यावर तो म्हणतो, ‘पैशासाठी नाही, मी आनंदासाठी करतो.’ आनंद त्याचा आणि 54 तास दुसऱ्याचे. अशा धंद्याला समाधानाचा धंदा म्हणता येणार नाही.

राज्याचे कृषी पर्यटन धोरण 2020 साली आल्यानंतर बोर्डी-घोलवडकडील वाड्यांप्रमाणे आपल्याकडेही पाहुणे ठेवावेत, असे अनेकांना वाटते. तेथेही हीच गोष्ट पाहावी. वाडी दाखविणारा एक, आणि रविवारी वीस माणसांच्या भाकऱ्या थापणारी दुसरी. म्हणून धंदा सुरू करण्यापूर्वी घरातील प्रत्येकाला, सुनेला व शिकणाऱ्या मुलीलाही, वेगवेगळे विचारावे की यातले कोणते काम तुला करायचे आहे आणि कोणते नको. नको असलेल्या कामाला मजूर लावावा लागेल व त्याची मजुरी खर्चात धरावी. ती धरल्यावर काहीच उरत नसेल, तर तो धंदा घरच्यांच्या फुकट श्रमावर उभा राहणार होता, हे उघड आहे.

किती पुरे, हे आधी लिहून ठेवा

नफ्यासाठी काढलेल्या धंद्याला मर्यादा बाजार घालतो. आवडीच्या धंद्याला ती आपण घालावी लागते. मागणी आली की ‘नाही’ म्हणवत नाही. मग शेजाऱ्यांचे चिकू विकत घ्यावे लागतात, माणसे लावावी लागतात, आणि सोलण्याची आवड असलेला माणूस सोलणाऱ्यांवर देखरेख करीत बसतो. ज्यासाठी धंदा काढला ते कामच हातून जाते. काहींना तेही आवडते, त्यांनी अवश्य वाढवावे. पण हंगामात आठवड्याला किती किलो फळ घ्यायचे, भातलावणीत काम बंद ठेवायचे की नाही, हे सुरुवातीलाच वहीत लिहावे.

दुसरा आकडा तोट्याचा. ‘या कामात जास्तीत जास्त इतके रुपये गेले तरी घराला धक्का लागणार नाही’ असा आकडा ठरवावा व तो ओलांडला की थांबावे. आवडीच्या कामासाठी दागिने गहाण टाकू नयेत, जमिनीवर कर्ज काढू नये. अनुदान मिळते म्हणून गरजेपेक्षा मोठे वाळवणी यंत्र घेण्याचा मोहही टाळावा. अनुदान वजा जाता उरलेली रक्कम आपल्यालाच फेडायची असते आणि हप्ता सुरू झाला की मन रमते की नाही हे पाहण्याची सोय उरत नाही. वर्षभराचे धान्य, मुलांचे शिक्षण व औषधपाणी यांची तरतूद शेती, मासेमारी किंवा नोकरीतून झालेली असावी. ती नसेल तर सध्या नफ्याचाच धंदा पाहावा, त्यात कमीपणा काहीच नाही. पोटाची चिंता असताना आवडीचे कामही नकोसे होते.

एक हंगाम करून पाहा

चिकूचा बहर व कोरडे ऊन एकत्र मिळते अशा जानेवारी ते एप्रिल या काळात दर आठवड्याला 20 किलो फळांपासून सुरुवात करावी. एवढ्यासाठी घरचे ट्रे व जाळी पुरतात. वहीत खर्च-जमेबरोबर दोन रकाने जादा आखावेत : कोणी किती तास काम केले, आणि त्या दिवशी काम नकोसे झाले काय. दुसरा रकाना पाहून हसू येईल, पण एप्रिलअखेर तोच अधिक उपयोगी पडतो. विक्री ओळखीपलीकडे न्यायची झाल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 खालील नोंदणी करून घ्यावी. प्रक्रियेचे प्रशिक्षण कोठे व केव्हा मिळेल याची चौकशी कोसबाड हिल येथील कृषी विज्ञान केंद्रात करावी. यंत्र घेण्याआधी ही चौकशी झालेली बरी.

एप्रिलमध्ये भरलेल्या पाकिटांपैकी दहा पाकिटे विकू नयेत. ती घरातच, जेथे माल ठेवणार आहात तेथे, पावसाळाभर ठेवावीत व जूनपासून दर महिन्याला दोन फोडून रंग, वास, चिकटपणा व बुरशी पाहावी. आपल्या किनाऱ्यावरील दमट हवेत ज्या पाकिटातील फोडी ऑगस्टपर्यंत चांगल्या राहतील, तेच पाकीट पुढील हंगामासाठी घ्यावे.