पव्व्याचा हिशेब कोणाच्या नावावर?

७० आणि २३. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतले हे देशपातळीवरचे दोन आकडे आहेत. ज्या बायकांचे नवरे वारंवार पिऊन तर्र होतात, त्यांच्यातल्या १०० पैकी ७० जणींनी नवऱ्याची मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसलेली आहे. ज्यांचे नवरे दारूला शिवत नाहीत, त्यांच्यात हेच प्रमाण १०० मागे २३ आहे.

पहिला आकडा ऐकून कोणी दचकत नाही. परभणी जिल्ह्यात गंगाखेडला जा, जिंतूरला जा, नाहीतर पालमला; ‘माणूस लई चांगलाय, पेला की मगच तसं करतो’ हे वाक्य बायको बोलते, सासू बोलते, तंटामुक्ती समितीत बसलेला शहाणा माणूसही बोलतो. अडचण होते ती दुसऱ्या आकड्याने. त्या २३ घरांत बाटली नव्हती, तरी हात उठला. आणि ७० च्या पलीकडच्या ३० जणींचे काय? त्यांचाही नवरा झिंगूनच घरी येतो, पण त्यांनी मारहाण सांगितलेली नाही. गरिबी, कर्ज, लहान वयातले लग्न अशी कारणे दारूच्या जोडीने येतात, त्यामुळे ७० मधला प्रत्येक फटका दारूच्या खात्यावर टाकता येत नाही. प्रमाण तिप्पट होते, हे खरेच. पण दारूशिवाय हात उठतो आणि दारू पोटात असूनही आवरता येतो, हेही त्याच पाहणीत आहे.

‘आता सगळेच पितात’ हे दुसरे आवडते वाक्य. त्याच पाहणीत महाराष्ट्रातले १५ वर्षांवरचे १३.९ टक्के पुरुष दारू पितात असे आढळले. देशाची सरासरी १८.८ टक्के. २०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ होती, त्यात पुरुष ९,४२,८७०. त्यांतले दोन-तृतीयांश १५ च्या वरचे धरले आणि राज्याची सरासरी लावली, तर पिणारे सुमारे ८७ हजार आणि न पिणारे ५ लाख ४१ हजार निघतात. हा ढोबळ अंदाज आहे, आणि घरी आलेल्या पाहणीवाल्याला ‘मी पितो’ असे सांगायला कचरणारेही असणारच. पिणारे दुप्पट धरले तरी न पिणारेच जास्त भरतात.

आता एका पव्व्याचा हिशेब मांडू. देशीची १८० मिलीची बाटली जून २०२५ च्या शासन निर्णयानंतर किमान ८० रुपयांना. रोजगार हमीची २०२५-२६ सालची मजुरी दिवसाला ३१२ रुपये. म्हणजे दिवसाच्या कमाईतला चौथा हिस्सा एका बाटलीत गेला. देशीची तीव्रता ४२.८ टक्के असते, त्यामुळे १८० मिलीत साधारण ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येते. ६० किलो वजनाच्या गड्याने ती रिकाम्या पोटी, भराभर रिचवली, तर त्याच्या १०० मिली रक्तात सुमारे १५० मिलिग्रॅम अल्कोहोल चढते. पोटभर जेवून, सावकाश प्याला तर आकडा खाली येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. एका पव्व्यात माणूस तिच्या पाचपट वर जातो.

उतरताना मात्र घाई होत नाही. यकृत तासाला जेमतेम १५ मिलिग्रॅम खाली आणते. लिंबूपाणी, ताक, डोक्यावर थंड पाणी यांनी त्या वेगात फरक पडत नाही. रात्री ९ ला १५० असलेला माणूस पहाटे ५ ला मोटारसायकलला किक मारतो तेव्हाही ३० च्या काठावर असतो. ‘रात्रीची कधीच उतरली’ असे तो शपथेवर सांगेल, आणि त्याला तसे वाटतही असेल.

याच उतरत्या आकड्यामुळे सरकारी तक्ते फसवे होतात. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतले दारू किंवा अमली पदार्थांच्या खात्यावर नोंदलेले मृत्यू ४,२०१, म्हणजे अडीच टक्के. हा आकडा इतका लहान कसा, हे पाहायचे तर ग्रामीण रुग्णालयातली रात्र डोळ्यांसमोर आणावी. अपघात १० वाजता, जखमीला गाडी मिळेपर्यंत १२, पोलिसांचे पत्र येईपर्यंत आणखी उशीर. डॉक्टर तोंडाचा वास, बुबुळे, बोलणे आणि चाल बघून कागदावर लिहितात. दारू प्यालेला आहे आणि दारूच्या अंमलाखाली आहे, हे दोन वेगळे शेरे असतात आणि कोर्टात त्यांच्यावरच वकिली चालते. रक्त घेताना सुईची जागा स्पिरिटने पुसायची नसते, नाहीतर पुढे वकील त्या बोळ्यालाच साक्षीला उभा करतो. नमुना पहाटे ४ ला घेतला, तर तोवर ६ तासांत ९० मिलिग्रॅम निघून गेलेले असतात. १५० चे ६० होतात आणि मूळचा ९० असलेला माणूस निर्दोष दिसू लागतो. पुण्याच्या कल्याणीनगरात १९ मे २०२४ च्या पहाटे दोघांचा जीव गेला, त्या प्रकरणात रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. नमुन्याची किंमत किती, हे त्यावरून कळावे.

आता कायदा. दंड संहितेची ८५ आणि ८६ ही कलमे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २३ आणि २४ झाली; आशय तोच राहिला. एखाद्याला त्याच्या नकळत किंवा इच्छेविरुद्ध नशा दिली गेली आणि आपण काय करतो आहोत हे समजण्याची शक्ती त्यामुळे गेली, तर तो सुटतो. मित्रांनी आग्रह केला, लग्नात बसवले, पोळ्याला पाजली, ही सबब त्यात बसत नाही. स्वतःहून प्यालेल्याला कायदा शुद्धीतल्या माणसाइतकेच ज्ञान होते असे धरून चालतो. कुऱ्हाड डोक्यात बसली की माणूस मरतो हे शुद्धीतल्याला कळते, म्हणून त्यालाही कळत होते. इथवर गणित सरळ आहे. हेतूच्या बाबतीत मात्र फट राहते. माणूस इतका बेभान होता की ठार मारण्याचा विशिष्ट हेतू त्याच्या मनात तयारच होऊ शकत नव्हता, असे पुराव्यातून दिसले तर खुनाचा गुन्हा सदोष मनुष्यवधावर येऊ शकतो. खुनाला फाशी किंवा जन्मठेप. मनुष्यवधाच्या खालच्या पायरीला जास्तीत जास्त १० वर्षे. दारूच्या बचावाची सगळी धडपड या अंतरासाठी चालते.

हे अंतर सहज मिळत नाही. १९५६ चा बासदेव विरुद्ध पेप्सू राज्य हा निवाडा आजही आधाराला घेतला जातो. लग्नाच्या पंगतीत निवृत्त जमादाराने १५-१६ वर्षांच्या पोराला बाजूला सरकायला सांगितले. पोरगा हलला नाही, तेव्हा याने पिस्तूल काढून त्याच्या पोटात गोळी घातली. तो पुष्कळ प्यालेला होता, यावर वाद नव्हता. पण तो स्वतःच्या पायांनी चालत होता, सुसंगत बोलूही शकत होता, बसायची जागा निवडत होता. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. २०१४ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात प्यालेल्या नवऱ्याने बायकोच्या अंगावर रॉकेल ओतून तिला पेटवले होते. तिथे न्यायालय आणखी पुढे गेले: कधीतरी पिणाऱ्याच्या बाबतीत नशा शिक्षा सौम्य करणारी बाब ठरू शकते, रोजच्या पिणाऱ्याच्या बाबतीत ती दोष वाढवणारी समजावी. जन्मठेप कायम राहिली. ‘रोजचाच आहे हो तो’ म्हणून गाव ज्याला सोडून देते, तो कोर्टात त्याच कारणाने अधिक अडकतो. मला हे बरोबर वाटते. प्याल्यावर आपण काय करतो हे ज्याला शंभर वेळा कळून चुकले आहे, त्याची १०१ वी वेळ अपघात कशी म्हणायची?

वाहनांच्या खटल्यांत मात्र हात सैल राहिला. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे फुटपाथवर झोपलेले ७ मजूर चिरडले गेले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे १०० मिलीत ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल होते. आपल्या पव्व्याच्या हिशेबापेक्षा कमीच. सत्र न्यायालयाने ६ महिने दिले, उच्च न्यायालयाने ३ वर्षे केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ती कायम ठेवली. माणशी जेमतेम पाच महिने भरतात.

सगळ्यात गमतीचा आकडा मात्र दहाचा. सार्वजनिक ठिकाणी पिऊन धिंगाणा घालण्याला दंड संहितेच्या कलम ५१० मध्ये २४ तासांची साधी कैद किंवा १० रुपये दंड होता. १८६० साली लिहिलेला हा दंड २०२४ च्या जूनपर्यंत १० रुपयेच राहिला. न्याय संहितेच्या कलम ३५५ ने तो १,००० केला आणि समाजसेवेची शिक्षा जोडली.

दारूच्या अंमलात केलेल्या प्रत्येक गोष्टीला कायदा याच काट्याने तोलतो असेही नाही. १८७२ चा करार कायदा, कलम १२: अटी समजू नयेत इतका झिंगलेला माणूस त्या अवस्थेत करार करू शकत नाही. म्हणजे धाब्यावर बसवून, दोन पव्वे पाजून एखाद्याकडून दोन एकरांच्या इसारपावतीवर अंगठा घेतला, तर तो व्यवहार मोडता येतो. त्याच माणसाने तासाभराने भावाच्या डोक्यात दगड घातला, तर मात्र तो जबाबदार. विसंगती वाटते, पण नाही. पहिल्यात त्याच्या धुंदीचा फायदा दुसऱ्याने उचलला. दुसऱ्यात त्याच्या धुंदीची किंमत दुसऱ्याने मोजली.

माणसाला दारू किती बदलते आणि दारूची सबब किती, याचा प्रयोगही झालेला आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात ॲलन लँग आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली पिणाऱ्या पुरुषांचे चार गट केले: काहींना दारू दिली आणि दारू म्हणूनच सांगितली, काहींना साधे पेय देऊन दारू म्हणून सांगितले, आणि याच्या उलटही केले. मग चिडवून पाहिले. ज्यांना आपण प्यालो आहोत असे वाटत होते ते जास्त आक्रमक झाले, ग्लासात काही असो वा नसो. पुढच्या प्रयोगांत अल्कोहोलचा स्वतःचा परिणामही दिसला, त्यामुळे सगळा दोष मनाचा म्हणता येणार नाही. तरीही साहेबासमोर, पोलिसासमोर, सासऱ्यासमोर त्याच माणसाची दारू उतरते, हे परभणीतल्या बायकांना लँगच्या आधीपासून माहीत आहे.

जबाबदारी ज्याची त्याची असली, तरी तिचे बिल भलत्याच्याच दारात येते. शेतकरी अपघातात गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसाला २ लाख रुपये मिळतात. पण अमली पदार्थांच्या अंमलाखाली झालेला अपघात त्यात बसत नाही. सेलू-मानवतच्या रस्त्यावर प्यालेला मोटारसायकलवाला झाडावर आदळला आणि दारूची नशाही या अटीत धरली गेली, तर पिणारा गेला आणि २ लाख बुडाले ते न पिणाऱ्या बायकोचे. ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. त्यातून किती पव्वे गेले हे फडावर राबून फेडताना तिला कळते. नवरा तुरुंगात गेला तर राबायचा दुसरा हातही जातो. पोलीस ठाण्याच्या पायरीवरून बायका परत फिरतात, त्यामागे घाबरटपणापेक्षा हा हिशेब जास्त असतो.

म्हणून अनेक गावांतल्या बायका नवऱ्याऐवजी दुकानाला धरतात. राज्याला जून २०२५ च्या करवाढीतून वर्षाला १४,००० कोटी रुपये जादा मिळण्याची अपेक्षा आहे, तेव्हा दुकान बंद करायला राज्य आपणहून येणार नाही हे त्यांना कळते. २००८ च्या आदेशाने मार्ग दिला तो आडव्या बाटलीचा (मतपत्रिकेवर आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू): २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या, मग गुप्त मतदान. अट एकच, आणि ती जड आहे. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मते लागतात. १,००० बायकांची यादी असेल तर ५०१. दिवाळीनंतर त्यांतल्या ३०० ऊसतोडीला गेल्या, तर गावात उरलेल्या ७०० मधून ५०१ आणाव्या लागतात, म्हणजे १०० मध्ये ७२. गेलेल्या ३०० जणींची मते न पडताही उभ्या बाटलीच्या कामी येतात.