घराचा भार कोणावर?

आज मारुंजीला सिमेंटच्या उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. पण आपल्या मावळ-मुळशीकडचे गवताने शाकारलेले जुने घर कसे बांधीत, ते आपण समजून घेऊ.

या घराचा भार भिंतीवर नसे. तो लाकडाच्या सांगाड्यावर असे. आधी दगडी तळखड्यावर खांब उभे करीत. खांबांवर तुळया, त्यांच्या वर आढे, आणि आढ्यावरून खाली वासे. लाकडाला खाच पाडून एकात एक बसवीत. मग कारवीच्या काठ्यांचा कूड करून त्याला शेणमाती लिंपीत. म्हणजे भिंत हा नुसता आडोसा! छपराला उतार मोठा, म्हणून पाणी गवतात मुरत नसे, खाली निथळून जाई.

गंमत बघा. इंग्लंडातल्या खेड्यांतही शेकडो वर्षांची अशी घरे आहेत. ओकच्या लाकडाचा सांगाडा, काठ्यांचा कूड, वर गव्हाचे काड!

हे कळून फायदा काय? ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या, हजारो माणसे गेली. कूड हलका असतो. तो पडला तरी जिवाला धोका कमी.

तेव्हा जुने घर दुरुस्त करताना कूड बदला, दार हलवा. पण जाणत्या सुताराला विचारल्याशिवाय खांब-तुळईला करवत लावू नका. दर पावसाळ्याआधी खांबाचा बुडखा टोचून बघा. वाळवी असेल तर वेळीच इलाज करा. खांब शाबूत, तर घर शाबूत.