सागरेश्वर अभयारण्यातील पायी सहल : नियोजन आणि पाठ

शालेय सहल हा निव्वळ विरंगुळा नव्हे. ती चार भिंतींबाहेर भरलेली शाळाच होय, हे तत्त्व सर्वमान्य आहे. तथापि रानात गेलेली मुले पुष्कळदा ‘काहीच दिसले नाही’ असे म्हणत परततात. पन्नास मुलांचा घोळका गलका करीत पुढे निघाला, की हरणे त्याच्या चाहुलीनेच दूर निघून जातात. अशा सहलीचे यश त्या दिवसाच्या उत्साहापेक्षा आधीच्या आठवड्यातील योजनेवर अधिक अवलंबून असते. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्याच्या उदाहरणावरून ही योजना स्पष्ट करता येईल.

स्थळाचे महत्त्व

कडेगाव, वाळवा व पलूस या तालुक्यांच्या सीमेवरील हे अभयारण्य ताकारी रेल्वे स्थानकापासून जवळ आहे. क्षेत्रफळ अवघे १०.८७ चौरस किलोमीटर. म्हणून एका दिवसाच्या सहलीस ते सोयीचे. एके काळी उघड्याबोडक्या झालेल्या या डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने झाडे लावली गेली, वन्य प्राणी आणून सोडण्यात आले आणि १९८५ साली त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. माणसाने उजाड केलेला डोंगर माणसाच्याच श्रमाने पुन्हा हिरवा होऊ शकतो, हा पाठ मुलांना येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. पायथ्याशी सागरेश्वराच्या प्राचीन देवळांचा समूह आहे. वरील कड्यावरून कृष्णेचे वळणदार पात्र व उसाचे मळे दृष्टीस पडतात.

पूर्वतयारी

वन विभागाच्या स्थानिक कार्यालयास लेखी कळवून परवानगी, प्रवेशशुल्क व वेळा यांची खात्री करून घ्यावी. पालकांची लेखी संमती घ्यावी. वर्गणी शक्य तितकी अल्प ठेवावी. पैसे अथवा पायताण नाही म्हणून एकही मूल मागे राहता कामा नये. अशा मुलाची सोय त्यास कमीपणा न वाटेल अशा रीतीने आधीच करावी.

शिक्षकाने वनरक्षकासमवेत मार्ग एकदा स्वतः चालून पाहावा. पाणी कोठे मिळेल, सावली कोठे आहे, उतार कोठे निसरडा आहे व कड्याजवळ मुलांना किती अंतरावर थांबवावयाचे, हे टिपून ठेवावे. चालण्याचा हिशेब वर्गातील सर्वांत सावकाश चालणाऱ्या मुलावरून करावा. चढणीच्या वाटेवर ताशी दोन किलोमीटर हा वेग पुरेसा मानावा. पाच किलोमीटरच्या वाटेस अडीच तास व निरीक्षण आणि विश्रांतीस दीड तास, असे चार तास हाती ठेवावेत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. हरणे सकाळी व सायंकाळी चरतात आणि दुपारी सावलीत बसून रवंथ करतात. म्हणून अभयारण्य उघडताच चालण्यास आरंभ करावा. माथ्यावरील देखावा मधल्या विश्रांतीसाठी ठेवावा, म्हणजे थकलेल्या मुलांनाही वर पोहोचण्याचा हुरूप राहतो. देवळांचे दर्शन व भोजन परतल्यावर योजावे.

रानातील शिस्त

दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे. मुलांच्या जोड्या लावाव्यात; प्रत्येक थांब्यावर जोडीदार आहे की नाही हे मुलांनीच सांगावे. पुढे एक शिक्षक, शेवटी दुसरा. त्यांच्यामध्येच सर्वांनी चालावे. कपडे फिक्या मातकट रंगाचे असावेत. हरणांचे नाक अतिशय तीक्ष्ण असते. वारा समोरून येत असेल तर ती अधिक जवळून दिसतात. प्राणी दिसताच बोट दाखवून ओरडू नये, जागीच उभे राहावे.

प्रत्येकाजवळ किमान दीड लीटर पाणी असावे. मोहोळाखाली धूर अथवा दगडफेक कदापि होऊ देऊ नये. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, घट्ट आवळून बांधू नये. मुलास धीर देऊन, अवयव न हलविता, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने ताबडतोब रुग्णालयात न्यावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यातील वस्तू परवानगीवाचून नेता येत नाहीत. मोराचे पीस किंवा गळालेले शिंग सापडल्यास मुलांनी ते पाहावे, त्याचे चित्र काढावे व तेथेच ठेवावे.

काय पाहावे

सर्व काही दाखविण्याचा हव्यास नसावा. तीन-चार प्रश्न आधी वर्गात देऊन ठेवावेत. काळवीट उघड्या गवताळ जागी, तर सांबर दाट झाडीत का राहते? काळविटाची शिंगे पिळदार व बिनफाट्याची असून जन्मभर टिकतात. चितळ व सांबर यांच्या नरांची फाटे फुटलेली शिंगे मात्र गळून पुन्हा उगवतात. हा फरक मुलांनी स्वतः ओळखावा. कोरड्या ऋतूत झाडे पाने का गाळतात, याचे उत्तर पाण्याच्या काटकसरीत सापडते. माथ्यावर मुलांनी दिशा ठरवून नदी, रस्ता व गावे यांचा साधा नकाशा काढावा. मध्येच पाच मिनिटे डोळे मिटून बसावे व ऐकू आलेले आवाज मोजावेत. प्राणी एकही दिसला नाही, तरी पाऊलखुणा, लेंड्या व पक्ष्यांचे आवाज यांतून रान वाचता येते.

सहलीनंतर

दुसऱ्या दिवशी नोंदी वर्गात वाचाव्यात. भूगोल, निसर्ग, गणित व भाषा या चारही विषयांस त्यांतून सामग्री मिळेल. त्यानंतर मुलांना आपल्या गावाच्या माळावर न्यावे आणि तेथे पूर्वी कोणती झाडे होती, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहावयास सांगावे. त्यांपैकी चार झाडे शाळेच्या आवारात लावून जगविली गेली, तर सहलीस लागलेला खर्च व श्रम सार्थकी लागले असे समजण्यास हरकत नाही.