तरुण मनांचे उपचार आणि सरकारी दिरंगाई

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला. जिल्हा कार्यक्रम यायला मात्र १९९६ उजाडले. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार असल्याचे दिसले.

मे २०१८ पासून लागू झालेला मानसिक आरोग्यसेवा कायदा उपचारांना हक्क मानतो. दाखल केलेल्या अल्पवयीन रुग्णाला प्रौढांपासून वेगळे ठेवावे, पालक किंवा काळजीवाहक सतत सोबत असावा, असे तो सांगतो. जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल, तर त्याच जिल्ह्यात अन्यत्र घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने द्यायचा आहे. ही तरतूद फार थोड्या पालकांना ठाऊक असते.

मग घोडे अडते कुठे? कायदा केंद्राचा, अंमलबजावणी राज्यांची. त्यात मानसोपचारतज्ज्ञांची टंचाई, आणि मुलांच्या मनाचे तज्ज्ञ तर त्याहून कमी. ते घडवायला वर्षे लागतात, म्हणून पदे आणि प्रशिक्षणाचे निर्णय लांबणीवर टाकणे सर्वांत महागात पडते. वयात येणाऱ्या मुलांना थांबायला वेळ नसतो.

ऑक्टोबर २०२२ पासून मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास सुरू आहे, मराठीतही बोलता येते. ती जरूर वापरावी. पण प्रत्यक्ष उपचार जिल्हा रुग्णालयातच मिळायला हवेत, आणि ते मागणे हा आपला हक्क आहे.